फ्रीज छोटा, फंडा मोठा

१९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली आणि अमेरिकेत घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याची मुभा मिळाली. बाटल्या धुऊन वैतागलेल्या तिथल्या हौशी मंडळींचा लाडका जुगाड म्हणजे केगरेटर! मिनी फ्रीज, आत १९ लिटरचा स्टीलचा केग, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, बाहेर नळ. चार अंशांना १०-१२ पीएसआय प्रेशर ठेवलं, की आठवडा-दोन आठवड्यांत बिअर फेसाळते.

खरी गोची ड्रिलची. फ्रीजच्या भिंतीत गॅसच्या नळ्या दडलेल्या असतात. एक फुटली, की फ्रीज भंगारात. त्यात हल्ली बऱ्याच मिनी फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो, म्हणजे चक्क पेटणारा गॅस! म्हणून शहाणे लोक प्लग काढून दारालाच भोक पाडतात. तिथे सहसा गॅसची नळी नसते. घाई नळ उघडताना करा, ड्रिल धरताना नको!