जुना संगणक : सुधारावा की बदलावा?

संगणकावर नवे खेळ अडखळू लागले की चिरंजीव नव्या यंत्राचा आग्रह धरतात. श्रावकाने आधी मदरबोर्ड तपासावा. २०१७ च्या अनेक एएम४ मदरबोर्डांवर, बायोस अद्ययावत केल्यास, २०२० चा रायझन ५००० प्रोसेसर बसतो. तेथे तो आणि गरजेपुरते ग्राफिक्स कार्ड बदलणे पुरेसे. इंटेलच्या सातव्या पिढीच्या मदरबोर्डावर मात्र आठवी पिढी चालत नाही आणि त्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. तेथे मदरबोर्ड व प्रोसेसर नवे घ्यावेत. चांगली असल्यास कॅबिनेट व एसएसडी राखावी. परिग्रह-परिमाण पाळणाऱ्या घरात चालती वस्तू केवळ हौसेपोटी अडगळीत जाऊ नये. उरलेले सुस्थितीतील भाग गरजू विद्यार्थ्यास द्यावेत.