नाकारलेलें धड

मागणीप्रमाणें घडविलेलें धड गिऱ्हाइकानें नाकारलें, तर तें मोडून टाकावें, स्वस्तांत विकल्यास नांवाची किंमत उतरते, असें मानणारा एक पक्ष विजेच्या गिटारीचे सुटे भाग करणाऱ्यांत आहे. आम्हांस हें मत मुळींच मान्य नाहीं.

१९५० सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं आपल्या गिटारीची मान धडास चार स्क्रूंनीं जोडली. त्या पद्धतीमुळें एकासाठीं कोरलेलें धड दुसऱ्याच्याहि मानेस बसूं शकतें. मग रंग एकास रुचला नाहीं, एवढ्यानेंच लांकूड टाकाऊ कसें ठरतें? शिवाय तें लांकूडहि आतां सुलभ राहिलेलें नाहीं. महापूर आणि खोड पोखरणारा हिरवा भुंगा यांमुळें ॲश इतकें दुर्मिळ झालें कीं, २०२० सालीं फेंडर कंपनीनेंच त्याचा वापर मोजक्या नगांपुरता ठेवण्याचें जाहीर केलें. अशा काळीं निर्दोष धडावर करवत चालविणें ही प्रतिष्ठा नव्हे, उधळपट्टी होय.

दोष असल्यास तो स्पष्ट लिहावा, किंमत उतरवावी आणि धड उघडपणें विकावें. पहिल्याची आगाऊ रक्कम ठेवून घेतली असेल, तर तोटा भरून उरेल तें त्यास परत करावें. एकाच लांकडाचे दोनदां दाम घेणाऱ्यानें नांवाची काळजी करूं नये. तें आधींच गेलेलें असतें.