बंदी मुलांवर की वेळेवर?

‘मोबाइल : शाप की वरदान’ हा विषय मराठीच्या निबंधलेखनात गेली अनेक वर्षे ठाण मांडून बसला आहे. मुले दोन परिच्छेद शापाचे लिहितात, दोन वरदानाचे लिहितात, शेवटी ‘वापर कसा करायचा हे आपल्याच हाती आहे’ असे म्हणून दहापैकी सात गुण पदरात पाडून घेतात. शाळेच्या वेळेत मोबाइलवर बंदी असावी की नसावी, या प्रश्नावर मोठ्यांची जी चर्चा चालते तीही याच निबंधाच्या वळणाने जाते. एका बाजूला संस्कारवाले, दुसऱ्या बाजूला तंत्रज्ञानवाले; आणि दोघांनाही शेवटी सात गुण.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. शाळेच्या वेळेत विद्यार्थ्याच्या हाती मोबाइल असता कामा नये, या मताचा मी आहे. अकरावी-बारावीचे वर्गही त्यातून वगळू नयेत असे मला वाटते. मात्र ज्या उत्साहाने आणि ज्या भाषेत ही बंदी आज मागितली जाते, त्या उत्साहाला आणि त्या भाषेला माझा तितकाच विरोध आहे. कारण मागणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शाळा नसते, मूल असते. आणि तेही बिघडलेले, संशयास्पद, वठणीवर आणायचे मूल.

हा फरक शब्दच्छल वाटू नये म्हणून दोन गावांचे उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास घरातले मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायचे, मुलांनी अभ्यासाला बसायचे, असे गावाने ठरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी गावच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या मोबाइल वापरावर बंदी घातली. वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी दोन्ही बातम्या एकाच कौतुकाने दिल्या, एकाच माळेत ओवल्या. करोनाकाळात मुलांच्या हाती गेलेला मोबाइल परत कसा घ्यायचा, ही दोन्ही गावांची चिंता खरी होती आणि तिच्याविषयी उणे बोलण्याचे कारण नाही. परंतु वडगावची बंदी एका वेळेवर होती, बांशीची एका वयावर. वडगावात दीड तास का होईना, मुलगा, बाप आणि आजी एकाच नियमाखाली येत होती. वयावरच्या बंदीत मात्र ओसरीवर बसून व्हिडिओ पाहणारा चुलता नियमाबाहेर राहतो आणि त्याचीच नजर चुकवून मोबाइल घेणारे पोर तेवढे गुन्हेगार ठरते. शाळेने बंदी करायची तर ती वडगावच्या जातीची हवी. आज होते आहे ती बांशीच्या जातीची.

आता मुळात बंदी हवीच कशाला, हे पाहू. मराठीच्या तासाला काय घडते तेवढेच सांगतो, कारण तेवढेच मला अधिकाराने सांगता येते. कवितेचे पहिले कडवे वाचून होते न होते तोच मागच्या बाकावर कवितेचे नाव टाइप झालेले असते आणि ‘भावार्थ’ हजर होतो. गाईड पूर्वीही होती, त्यांचा धंदाही मोठा होता. पण ती घरी उघडली जात. कविता कानावर पडणे आणि तिचा अर्थ हाती येणे या दोहोंमध्ये न कळण्याचा थोडा अवधी असे. त्या अवधीत वर्ग अडखळे, कुणी भलताच अर्थ सांगे, कुणी हसे, आणि त्या गोंधळातून कविता हळूहळू वर्गाची होई. वाङ्मयाचे शिक्षण म्हणजे बहुतांशी हा अवधी. मोबाइल नेमका तोच खाऊन टाकतो. दहावीच्या कृतिपत्रिकेत रसग्रहणाची कृती असते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची उपयोजने रसग्रहणही लिहून देतात, तेही शुद्धलेखनाच्या चुका न करता. फळ्यावर लिहिलेले वहीत उतरवून घ्यायचे सोडून त्याचा फोटो काढण्याची रीत तर इतकी रुळली आहे की, शिक्षकच फळ्यापासून बाजूला होऊन उभे राहतात. उतरवून घेताना वाक्य एकदा तरी मनातून जात असे. फोटोतले वाक्य कुठूनच जात नाही.

संत जनाबाईंचे गंगाखेड आमच्या परभणी जिल्ह्यात आहे. जनाबाईंच्या अभंगांत दळण-कांडणाचे, केरवाऱ्याचे, पाण्याचे जे जग येते, ते हात गुंतलेले असताना मन मोकळे असणाऱ्या बाईचे जग आहे. जात्याने हात मागितले, चित्त मागितले नाही. मोबाइलचे बरोबर उलटे आहे. हाताला त्याचे ओझे नाही, पण डोळे आणि चित्त दोन्ही तो मागतो, आणि मागून घेतलेले परत देण्याची त्याला घाई नसते. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटले आहे की, एकदा विचलित झालेल्या विद्यार्थ्याला पुन्हा अभ्यासावर लक्ष आणायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आपली तासिका साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांची. हिशेब कुणीही करावा.

इंग्लंडमधल्या चार शहरांतील शाळांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदीनंतर तिथल्या परीक्षांचे निकाल सुधारले, आणि सर्वाधिक फायदा अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला, असे त्यात दिसले. हुशार मुलाला मोबाइल असला काय, नसला काय, फारसा फरक पडला नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या पुरोगामी मित्रांनी नीट वाचावी. बंदीला विरोध करताना ते गरीब मुलाची बाजू घेतात. मोबाइल हेच त्याचे ग्रंथालय आहे, असे म्हणतात. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो शिकण्यासाठी वापरल्याचे सांगितले, समाजमाध्यमांसाठी वापरणारी मुले ७६ टक्के होती. म्हणजे ग्रंथालय आहे खरे, पण त्याच्या दारातच जत्रा भरलेली आहे. शिवाय वर्गात मोबाइल आला की कुणाचा कोणत्या कंपनीचा, किती हजारांचा, हेही येते. ज्या कारणासाठी आपण गणवेश ठेवला, त्याच कारणासाठी ते पाच-सहा तास मोबाइल बाहेर ठेवावा.

बंदीने सारे साधेल, असा मात्र कुणी आव आणू नये. २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या तीस शाळांची तुलना केली. बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतील मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना फरक आढळला नाही. दिवसभरातला एकूण वापरही बंदीने घटला नव्हता. शाळेत वाचलेला वेळ मुले घरी भरून काढतात. म्हणून बंदीचे समर्थन मुलांना सुधारण्याच्या नावाने करू नये. ते तासाच्या नावाने करावे. शाळेचा तास ही शाळेची जबाबदारी आहे, आणि तेवढी जरी तिने पार पाडली तरी पुष्कळ झाले.

पण ती तिला पार पाडू कोण देतो? बंदीची भाषा बोलणारे शासन आणि संस्थाचालक यांचे सारे कामकाज शिक्षकाच्या मोबाइलवर चालते. २०१५ मध्ये ‘सरल’ आले. यू-डायसच्या नोंदी, पोषण आहाराचे आकडे, उपक्रमांचे फोटो, ‘तात्काळ माहिती पाठवा’चे संदेश हे सारे शिक्षकाच्या खिशात आले. डिसेंबर २०२३ मध्ये विद्यार्थ्यांची हजेरीही चॅटबॉटवर नोंदवण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी राज्यातले शिक्षक ‘आम्हाला शिकवू द्या’ अशी घोषणा देत रस्त्यावर उतरले. शिक्षकांना हे मागावे लागते, याची कुणाला लाज वाटल्याचे ऐकिवात नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले असतात. गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर जातो, सुट्टीची सूचना गटावर जाते. आणि एवढे करून फलक लागतो : ‘विद्यार्थ्यांना मोबाइल आणण्यास सक्त मनाई आहे.’ फळ्याकडे पाठ करून संदेश वाचणारे गुरुजी मुलाला मोबाइलविषयी जे काही सांगत असतात, ते त्याला फलकापेक्षा चांगले कळते.

म्हणून पहिली अट अशी की, घंटा झाली की मोबाइल सगळ्यांचेच बंद. विद्यार्थ्यांचे, शिक्षकांचे, मुख्याध्यापकांचे आणि तपासणीला आलेल्या साहेबांचेही. माहिती हवी असेल तर ती शाळा सुटल्यावर मागावी. शाळेच्या वेळेत वर्गावरच्या शिक्षकाला माहिती मागणारा संदेश पाठवायचा नाही, असा आदेश विभागाने स्वतःसाठी काढावा. तो निघाला तर मुलांवरच्या बंदीला निम्मे बळ आपोआप येईल.

स्वातंत्र्याच्या बाजूने येणारा आक्षेप मी हलका मानत नाही. मराठवाड्यात तर मानूच नये. निजामी राजवटीत १९२९ सालच्या ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ने सभा भरवण्यावर परवान्याची सक्ती केली होती. गश्ती म्हणजे परिपत्रक. परिपत्रकाने घातलेली बंदी कशी असते हे इथल्या तीन-चार पिढ्यांपूर्वीच्या माणसांनी अनुभवले आहे. पण त्या गश्तीने माणसांचे एकत्र बसून बोलणे रोखले होते. वर्गातला मोबाइल बाजूला ठेवणे म्हणजे एकत्र बसून बोलणे पुन्हा शक्य करणे होय. दोन्हींना ‘बंदी’ हा एकच शब्द लागतो म्हणून दोन्ही एक होत नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये शाळेत स्मार्टफोनवर सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही, असे मत दिले; मात्र वर्गात वापर नको, शक्य तिथे शाळेत आल्यावर तो जमा करून घ्यावा, असेही त्याच निकालात सांगितले. म्हणजे मूल मोबाइल बाळगते हा गुन्हा नाही. तासाला तो हाती नसावा, एवढेच.

स्वातंत्र्याचा खरा प्रश्न निराळ्याच ठिकाणी आहे, आणि तो मुलींचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. अशा जिल्ह्यात नववीतल्या मुलीचा मोबाइल जप्त करून शिक्षकाने तो उघडणे, त्यातले फोटो आणि संदेश पाहणे, मग ‘तुमच्या मुलीकडे लक्ष द्या’ म्हणून बापाला बोलावणे, याचा शेवट कुठे होतो हे आपल्याला ठाऊक आहे. मुलाच्या मोबाइलवर खेळ सापडला तर त्याला दोन रट्टे बसतात. मुलीच्या मोबाइलवर एखादे नाव सापडले तर तिची शाळा सुटते आणि स्थळे पाहायला सुरुवात होते. तेव्हा दुसरी अट : मोबाइल ठेवून घ्यावा, उघडू नये. सकाळी नोंद करून कपाटात ठेवावा, शाळा सुटताना ज्याचा त्याला परत द्यावा. महिनाभर जप्ती, पालकांसमोर पंचनामा, दंड, हे प्रकार नकोत. शाळा ही पोलीस चौकी नव्हे, आणि गावकीची पंचायत तर नव्हेच.

तिसरी गोष्ट आईबापांची. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून ऊसतोडीला माणसे बाहेर पडतात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, आणि कर्नाटकातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावरून येणारा आईचा आवाज मोबाइलमधूनच येतो. या मुलांना ‘तुला मोबाइल लागतोच कशाला’ असे विचारणे हा उद्धटपणा आहे. उत्तर सोपे आहे. शाळेच्या कार्यालयात एक मोबाइल असावा, त्याचा क्रमांक प्रत्येक पालकाकडे असावा, आणि फोन आला तर शिपायाने वर्गातून मुलाला बोलावून आणावे. खर्च नगण्य आहे, पण ‘पालकांचा फोन घेणे’ हे कुणाचे तरी काम म्हणून ठरवून द्यावे लागेल.

शेवटचा मुद्दा ग्रंथालयाचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. ते ग्रंथालय कुठे आहे? बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते सर त्या दिवशी बैठकीला गेलेले असतात. मोबाइल कपाटात ठेवायचा असेल तर पुस्तके कपाटातून बाहेर काढावी लागतील. नाही तर मधल्या सुट्टीत मुलाच्या हातून एक वस्तू काढून घेतली आणि त्या हातात काहीच ठेवले नाही, असे होईल. मग ते मूल सहा तास शाळा सुटण्याचीच वाट पाहील. त्याचे काय चुकले?

हे सारे शाळांना सांगताना आपण महाविद्यालयातली मंडळी नामानिराळी राहू शकत नाही. आपल्याच आवारात अकरावी-बारावी भरते. आपल्या स्टाफरूममध्ये दोन तासिकांच्या मध्ये किती पुस्तके उघडी असतात आणि किती पडदे, हे ज्याने त्याने पाहावे. येत्या जूनपासून मराठी विभागांनी निदान स्वतःपुरता एवढा नियम करावा की, तासाला जाताना शिक्षकाने हजेरीपट, खडू आणि पुस्तक न्यावे आणि मोबाइल विभागात ठेवून जावे. विद्यार्थ्यांना काय सांगायचे ते त्यानंतर सांगू.