वातव्याधी : हेतुविचार आणि आपले दायित्व

जळकोट हा बालाघाटच्या डोंगररांगेतील तालुका. हलकी, मुरमाड जमीन, पावसावर विसंबलेली शेती आणि दिवाळीच्या सुमारास वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे. उन्हाळ्याच्या तोंडाशी ही माणसे गावी परततात, तेव्हा आमच्या ओसरीवर कटिशूल, गृध्रसी, जानुशूल यांच्या रुग्णांची रीघ लागते. प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द असतो, 'वात'. रुग्णाने तो वापरावा हे ठीक. परंतु वैद्यानेही तेथेच थांबावे काय, हा आमचा प्रश्न आहे.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या 28 व्या अध्यायात वातप्रकोपाचे दोन मार्ग सांगितले आहेत : धातुक्षय आणि मार्गावरोध. मोळी वाहणाऱ्या मजुराचा कटिशूल हा अतिश्रम, रूक्ष व अल्प आहार आणि रात्रिजागरण यांतून झालेल्या धातुक्षयाचा. पेठेत दिवसभर गादीवर बसणाऱ्या मेदस्वी, प्रमेही व्यापाऱ्याच्या पायांची बधिरता ही बहुधा आवरणाची. पहिल्यास स्नेहन-बृंहण हितकर. दुसऱ्यास तेच अपायकारक. आमवातात तर साम अवस्थेत तैलाभ्यंग केल्यास वेदना वाढते. तेथे लंघन, दीपन-पाचन आणि वालुकास्वेदच श्रेयस्कर. हेतू न पाहता सर्वांस एकच गुग्गुळ देणे ही चिकित्सा नव्हे.

याहून गंभीर बाब म्हणजे आठवडी बाजारात व काही दुकानांत मिळणारी बेनामी 'वाताची पुडी'. दोन दिवसांत वेदना शमते, खाटेवरचा मनुष्य चालू लागतो आणि आयुर्वेदाचा जयजयकार होतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे, हे आपण सारे जाणतो. काही महिन्यांनी चेहरा सुजतो, रक्तातील साखर चढते, अस्थी ठिसूळ होतात, प्रसंगी मांडीच्या हाडाचे शीर्ष निर्जीव होते. संप्राप्तिभंग मुळीच झालेला नसतो. उपद्रव मात्र मूळ व्याधीहून बलवान ठरतात. अपयश येते तेही आयुर्वेदाच्याच पदरी.

येथे एक सावधगिरी सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. दीर्घकाळ अशी पुडी घेतलेल्या रुग्णास ती एकाएकी बंद करावयास सांगू नये. शरीराची स्वतःची स्रावनिर्मिती मंदावलेली असते. अकस्मात खंड पडल्यास प्राणावर बेतू शकते. असा रुग्ण रुग्णालयीन चिकित्सकाच्या देखरेखीखालीच सोपवावा.

तसेच काही लक्षणे दिसताच आपण हात आवरता घ्यावा. पाठदुखीसोबत ज्वर व कृशता असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. पायांतील बळ जाऊन मूत्रावरील ताबा सुटला तर विलंब करू नये. तोंड अकस्मात वाकडे झाले, हात लुळा पडला वा वाचा अडखळली, तर रुग्ण तत्काळ लातूर किंवा नांदेडला रवाना करावा. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्या वेळेत नस्य वा अभ्यंग करीत बसणे हा अपराध होय. पक्षाघाताच्या पुढील अवस्थेत बस्ती, अभ्यंग, स्वेदन यांस भरपूर वाव आहे.

औषधी दुकानदार बंधूंना आमची विनंती अशी. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस कायद्याने परवाना लागत नाही. म्हणूनच विवेकाचा परवाना आपणच बाळगला पाहिजे. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक व घटक नसलेला माल दुकानात ठेवू नये; संशयास्पद पुडीची माहिती अन्न व औषध प्रशासनास द्यावी. कुचला, वत्सनाभ यांसारख्या विषद्रव्यांनी युक्त कल्प वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नयेत. पक्षाघात व संधिवात बरे करण्याच्या जाहिरातींस 1954 च्या कायद्याने मनाई आहे, याचेही स्मरण असावे.

शीघ्र वेदनाशमनाच्या स्पर्धेत आपण पुडीवाल्याशी जिंकणार नाही, आणि जिंकूही नये. मजुराचे शरीर हेच त्याचे भांडवल आहे. ते राखणे हेच आपले वैद्यकत्व.