टाळे सरकारचे, तोटा टपरीवाल्याचा

मुंबई-गोवा महामार्गावर, खेड आणि चिपळूण यांच्या दरम्यान, लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत आहे. तेथील रासायनिक कारखान्यांची दखल सरकारदरबारी घेतली जाते. परंतु फाटकाबाहेर कामगारांना जेवू घालणारा खानावळवाला, चहाची टपरी चालविणारा, केशकर्तनालयाचा मालक, हे सरकारच्या हिशेबी जणू उद्योजकच नव्हेत. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली आणि अशा धंद्यांना सरकारी आज्ञेने टाळे लागले. ज्याच्या हुकमाने धंदा बुडाला त्याने भरपाई द्यावी, हा साधा न्याय आहे. केंद्र सरकारने काय दिले? कर्ज!

१३ मे २०२० रोजी तीन लाख कोटी रुपयांच्या विनातारण कर्जाची घोषणा झाली. तिची मेख नियमांत होती. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज शिल्लक असेल त्याच्या वीस टक्के नवे कर्ज मिळणार! म्हणजे पंचवीस लाखांचे कर्ज असणाऱ्यास पाच लाख. आणि ज्याने बँकेची पायरीच चढली नाही, भिशी आणि उधारी यांवर संसार ओढला, त्याला शून्याचे वीस टक्के. हे गणित गरजेचे नव्हे, पतीचे होते.

फेरीवाल्यांसाठी दहा हजारांची योजना निघाली, तीही कर्जाचीच आणि शहरी हद्दीत विक्री करणाऱ्यांपुरती. लोटे हे गाव. तेथील टपरीवाल्याने रांग लावावी तरी कोठे? एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने पंधराशे रुपये जाहीर केले, ते नोंदणीकृत फेरीवाल्यांना. ज्यांची नोंद कोणी केलीच नाही, त्यांना नोंद नाही म्हणून वगळावयाचे, ही कोणती नीती?

तिजोरी रिकामी होती, असा बचाव केला जातो. मग सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर तीस टक्क्यांवरून बावीसवर आणताना, वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडण्यास हीच तिजोरी कशी तयार झाली? जर्मनीसारख्या भांडवलशाही देशानेही २०२० च्या वसंतात पाचपर्यंत कामगार असलेल्या धंद्यांना तीन महिन्यांसाठी नऊ हजार युरोपर्यंत अनुदान दिले. तेथे जे अनुदान, ते येथे कर्ज!

सर्वांत मोठा अन्याय कायद्याच्या अंमलबजावणीत आहे. टाळेबंदी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली लादली गेली. त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात उपजीविकेचे साधन पुन्हा उभे करण्यासाठी सानुग्रह साहाय्याची तरतूद आहे. याच कलमावर बोट ठेवून ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोरोनाने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना साहाय्य देण्याचे निकष ठरविण्यास सांगितले. उपजीविकेचे शब्द मात्र पुस्तकातच राहिले. टाळे ठोकणारे कलम सरकारला पाठ होते. चूल पेटविणारे कलम त्याला आठवले नाही.

ती कर्जयोजना मार्च २०२३ अखेर बंद झाली, आपत्ती मात्र बंद झालेल्या नाहीत. २२ जुलै २०२१ रोजी शेजारचे चिपळूण महापुरात बुडाले, हे कोकण विसरलेले नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी आजच गावोगावी छोट्या धंद्यांची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी करवून घ्यावी आणि बाराव्या कलमाखाली उपजीविकेच्या साहाय्याची रक्कम निश्चित करण्याची मागणी रेटावी. खानावळवाला भीक मागत नाही. तो कायद्यात लिहिलेले मागतो आहे.