गुहामानवाचं भूत गेलं कुठे?

बीबीसीच्या ‘घोस्ट्स’ या विनोदी मालिकेत एका जुन्या इंग्रजी हवेलीत रॉबिन नावाचा गुहामानव भूत होऊन राहतो. हवेली त्याच्या मरणानंतर हजारो वर्षांनी उभी राहिली, तरी त्याचा मुक्काम तिथेच. तर्काला धरून असलेलं भूत हेच. माणूस लाखो वर्षं मरतोच आहे. मग इंग्लंडच्या वाड्यांत झगेवाल्या बायका आणि मुंडकं नसलेले सरदारच का फिरतात? जुनी भुतं काळाच्या ओघात विरून जातात, असं कुणी म्हणेल. पण यॉर्कच्या ट्रेझरर्स हाउसच्या तळघरात १९५३ साली हॅरी मार्टिंडेल या शिकाऊ कारागिराला रोमन सैनिक दिसले म्हणे, तेही गुडघ्यापासून वरचेच. म्हणजे दीड हजार वर्षं तग धरलाच की! भुताचा पोशाख पाहणाऱ्याच्या वाचनातून येतो, असं मला वाटतं. प्रागैतिहासिक भुताचा गाजलेला दाखला डॉर्सेटचा, १९२०च्या दशकातला: उघडे पाय, सैल झगा, लगाम-रिकीब नसलेला घोडेस्वार. तो पाहिला आणि कांस्ययुगातला ठरवला आर. सी. सी. क्ले यांनी. आणि क्ले होते पुरातत्त्वज्ञ! दुसरा कुणी असता तर घोंगडी पांघरलेला मेंढपाळ समजून पुढे गेला असता.