वेळेची वही कोणासाठीं?

आमच्या वाचकवर्गांत असें घर विरळाच असेल कीं, ज्यांतील मुलगा, सून, जांवई अथवा पुतण्या संगणकाच्या कचेरींत नोकरीस नाहीं. या मंडळींपैकीं पुष्कळांस आठवड्याच्या अखेरीस ‘टाइमशीट’ नांवाचा तक्ता भरावा लागतो. कोणत्या कामास किती तास लागले तें त्यांत लिहावयाचें. आणि कित्येक जण तें शुक्रवारीं सायंकाळीं, आठवेल तसें, रोजचे आठ तास जुळवून लिहितात. उलट आमचे कांहीं वाचक वकिली, हिशेबतपासणी, वास्तुरचना इत्यादि व्यवसायांच्या कचेऱ्या स्वतः चालवितात. त्यांची तक्रार अशी कीं, वेळ नोंदविणारें सॉफ्टवेअर पैसे मोजून घेतलें, पण हाताखालचे लोक तें वापरीत नाहींत. एकाच पंक्तीस दोन्ही पक्षांचे लोक जेवावयास बसत असल्यामुळें या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनीं विचार करणें अवश्य आहे.

लोक वापरीत नाहींत याचें कारण आळस, असें मालकास चटकन वाटतें. इतिहासाचा अनुभव मात्र निराळा आहे. अमेरिकेंत फ्रेडरिक टेलर यांनीं कारागिराची प्रत्येक हालचाल घड्याळानें मोजून कामाची पद्धत ठरविण्याचें शास्त्र रचिलें. त्यांचा ग्रंथ १९११ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारांत ओतकाम करणाऱ्या कारागिरांच्या पाठीशीं स्टॉपवॉच घेतलेला मनुष्य येऊन उभा राहिला. एका कारागिरानें मोजून घेण्यास नकार दिला. त्यास कामावरून काढतांच त्याचे सोबती बाहेर पडले. संप थोडेच दिवस टिकला, परंतु प्रतिनिधिगृहानें चौकशी-समिती नेमिली, टेलर यांस तिच्यापुढें साक्ष द्यावी लागली, आणि १९१५ सालापासून सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉचच्या वापरास कायद्यानें बंदी झाली. हे कारागीर आळशी खचित नव्हते. आपल्याला न विचारतां, आपल्याच घामाचें माप दुसऱ्याच्या उपयोगासाठीं घेतलें जात आहे, हें त्यांस सोसवलें नाहीं.

आतां याच्या उलट गोष्ट पाहा. स्पेनमध्यें कामगारांच्या एका मोठ्या संघटनेनें डॉइश बँकेवर फिर्याद केली, ती बँक वेळ मोजते म्हणून नव्हे, तर मोजीत नाहीं म्हणून! बँकेच्या संगणकांत नोकराची पूर्ण दिवसाची गैरहजेरी तेवढी टिपली जाई. तो किती तास राबला याचा पत्ता कोठेंच नसे. जादा काम झालें हें मग सिद्ध करावयाचें कसें? युरोपीय संघाच्या न्यायालयानें १४ मे २०१९ रोजीं निकाल दिला कीं, रोजच्या कामाचे तास मोजणारी निष्पक्ष, विश्वसनीय आणि पाहण्यास खुली अशी व्यवस्था ठेवण्यास सभासद-राष्ट्रांनीं मालकांस भाग पाडलें पाहिजे.

शंभर वर्षांपूर्वीं कामगारांनीं जें घड्याळ झिडकारलें, तेंच पुढें त्यांच्या संघटनेनें न्यायालयांत जाऊन मागून घेतलें. यावरून उघड होतें कीं, वाद घड्याळाशीं नाहीं; ती वही कोण वाचतो आणि तिचा लाभ कोणास होतो, याच्याशीं आहे.

कचेरी चालविणाऱ्या वाचकांस आमचें सांगणें असें. सॉफ्टवेअर आणण्यापूर्वीं तें कशासाठीं आणीत आहों हें सर्वांस स्पष्ट सांगावें. अशिलाचें देयक करण्यासाठीं असेल तर तसें, कामाची वांटणी सारखी करण्यासाठीं असेल तर तसें. पहिली नोंद मालकानें स्वतःच्या वेळेची करावी. कामांचीं सदरें सहा-आठांहून अधिक नसावींत. चाळीस सदरांत योग्य तें शोधतां शोधतां शहाणा मनुष्यही शेवटीं ‘किरकोळ’ म्हणून मोकळा होतो. नोंद रोजच्या रोज, उठण्यापूर्वीं दोन मिनिटांत व्हावी, कारण सोमवारचें काम शुक्रवारीं कोणास नीट आठवत नाहीं. पडद्याचीं छायाचित्रें टिपण्याचा मोह मुळींच धरूं नये. त्यानें वही ही वही न राहतां पहारेकरी बनते. आणि मुख्य गोष्ट ही कीं, नोंदींत कोणी रोज दहा तास राबतांना दिसला, तर पहिल्याच महिन्यांत त्याचें ओझें कमी करावें, अथवा त्यास मोबदला वा रजा द्यावी. एवढें एकदां घडलें म्हणजे बाकीच्यांस आग्रह करावा लागत नाहीं.

नोकरी करणाऱ्या तरुणांसही एक गोष्ट सांगावीशी वाटते. रात्रीं दहास घरीं येऊन तक्त्यांत आठ तास लिहिणें हा सोशिकपणा नव्हे. त्या खोट्या आठांवरून पुढच्या कामाची मुदत ठरते, आणि तो भार तुमच्यासह तुमच्या सोबत्यांवर पडतो. घरीं वाट पाहणाऱ्यांचे दोन तासही त्याच तक्त्यांतून नाहींसे होतात. खरें असेल तें लिहावें.

हा नियम कचेरीपुरता नाहीं. आपल्या स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे असतात, तसेच धुणींभांडीं करणाऱ्या बाईंचेही असतात. पण पाहुणे आले म्हणून ज्या दिवशीं त्या दीड तास अधिक थांबल्या, त्या दिवसाच्या चौकटींत कांहीं लिहिलेलें आढळतें काय? खाडे टिपावयाचे आणि राबलेले तास सोडून द्यावयाचे, ही त्या बँकेचीच रीत झाली. पुढील महिन्यापासून दोन्ही टिपावेत, बाईंस दाखवावेत, आणि पगार देतांना दोहोंचा हिशेब करावा, अशी आमची वाचकभगिनींस व बंधूंस विनंती आहे.